टाकीत ७६ किलो इंधन होतं

२९ नोव्हेंबर २०१३, शुक्रवार, रात्रीचे १०:२२. स्कॉटलंड पोलिसांचं एक हेलिकॉप्टर ग्लासगो शहराच्या मध्यभागी, क्लाइड नदीकाठच्या 'क्लुथा' नावाच्या पबच्या छपरावर कोसळलं. आत बँड वाजत होता, शंभरेक माणसं होती. हेलिकॉप्टरमधले तिघे, म्हणजे वैमानिक आणि दोन पोलीस, आणि पबमधले सात जण असे दहा जीव गेले. ज्या तळावरून हेलिकॉप्टर उडालं होतं तो याच नदीकाठी, काही मिनिटांच्या उड्डाणावर होता. इंधनाअभावी आधी एक इंजिन बंद पडलं आणि ३२ सेकंदांनी दुसरं. पुढे तपासनिसांनी अवशेषांतून इंधन काढून मोजलं, तर मुख्य टाकीत ७६ किलो शिल्लक होतं.

हे हेलिकॉप्टर रात्री ८:४४ ला ४०० किलो इंधन घेऊन निघालं होतं. त्या रात्री ते ज्या वेगाने इंधन जाळत होतं, त्या हिशेबाने ७६ किलो म्हणजे वीसेक मिनिटांचं उड्डाण. तळावर पोचून वर उरलं असतं. पण ते इंजिनांपर्यंत पोचलं नाही.

ईसी-१३५ जातीच्या या हेलिकॉप्टरमध्ये मुख्य टाकीतून इंजिनाला थेट इंधन जात नाही. मुख्य टाकीतले दोन पंप, एक पुढचा आणि एक मागचा, इंधन उपसून दोन छोट्या पुरवठा-टाक्यांत टाकतात. प्रत्येक इंजिनाला त्यातली एक. मुख्य टाकीतली पातळी खाली गेली की हेलिकॉप्टरचं नाक वरखाली होईल तसा कधी हा पंप कोरडा पडतो, कधी तो. कोरडा पंप तापू नये म्हणून वैमानिक तो बंद करतो आणि इंधनात बुडाला की पुन्हा सुरू करतो. एका जागी घिरट्या घालायच्या, मग पुढे जायचं, पुन्हा घिरट्या, हे तर पोलिसी हेलिकॉप्टरचं रोजचं काम. त्या रात्रीही तेच झालं. ओटलंड्समध्ये रेल्वेखाली आलेल्या माणसाची खबर होती, तिथून एडिनबरोजवळचं डॅल्कीथ, मग परतीच्या वाटेवर बॉथवेल, अडिंग्स्टन, बार्गेडी. अवशेष तपासले तेव्हा दोन्ही उपसा-पंपांची बटणं बंद होती. इंजिन सुरू करताना लागणाऱ्या प्राइम पंपांची बटणं मात्र चालू होती. उजवी पुरवठा-टाकी कोरडी होती आणि डावीत अर्धा लिटरही नव्हतं.

दोन्ही इंजिनं एकाच वेळी बंद पडू नयेत म्हणून या दोन टाक्या मुद्दाम असमान आकाराच्या केलेल्या असतात. एक इंजिन गेलं तरी उतरायला जागा शोधण्यापुरता वेळ हाताशी राहावा, ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात मिळाले ३२ सेकंद. दुसरं इंजिन गेल्यावर जमिनीपासूनची उंची दाखवणारं रडार अल्टिमीटर आणि उतरण्यासाठीचा दिवा यांची वीज गेली, कारण ती परत मिळवण्यासाठीचं वेगळं बटण दाबलं गेलं नव्हतं. इंजिनाशिवाय हेलिकॉप्टर उतरवता येतं, पण त्यासाठी पंखा फिरता ठेवावा लागतो आणि जमिनीजवळ नेमक्या क्षणी नाक उचलावं लागतं. रात्रीच्या अंधारात, शहराच्या वर, जमीन किती खाली आहे ते कळत नसताना ते जमलं नाही. छपरावर आदळताना पंखा फिरत नव्हता.

आता इशाऱ्यांबद्दल. पुरवठा-टाकीतलं इंधन ठरावीक पातळीखाली गेलं की लाल दिवा लागतो आणि घंटा वाजते. इंधन दाखवणाऱ्या काट्याला माहिती देणारा सेन्सर वेगळा आणि या इशाऱ्याचा सेन्सर वेगळा. एक बिघडला तरी दुसरा खरं सांगेल, अशी ती सोय आहे. इशारा आला की काय करायचं हे चेकलिस्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं: पंप तपासा आणि दहा मिनिटांत उतरा. त्या उड्डाणात असा इशारा पाच वेळा आला. पाचही वेळा तो वैमानिकाने बटण दाबून मान्य केला. हेलिकॉप्टर उतरलं नाही. १०:१८ ला त्याने ग्लासगोच्या हवाई हद्दीत परत येण्याची परवानगी नेहमीच्या पद्धतीने मागितली. संकटाचा संदेश त्याने दिलाच नाही.

ब्रिटनच्या हवाई अपघात अन्वेषण शाखेने ऑक्टोबर २०१५ मध्ये अहवाल दिला. स्कॉटलंडच्या कायद्यानुसार होणारी न्यायालयीन चौकशी त्यानंतर, एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाली. अपघातानंतर सव्वापाच वर्षं उलटल्यावर! त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये शेरीफ प्रिन्सिपल (म्हणजे तिथले वरिष्ठ न्यायाधीश) क्रेग टर्नबुल यांनी निष्कर्ष दिला. वैमानिकाने इशाऱ्यांकडे दुर्लक्ष केलं, चेकलिस्टप्रमाणे वागला असता तर अपघात झाला नसता, इशारे खोटे असावेत असं धरून त्याने धोका पत्करला, असा त्याचा मथितार्थ. त्यावर वैमानिकाच्याच नव्हे, पबमध्ये गेलेल्यांच्याही काही नातेवाइकांनी नाराजी व्यक्त केली.

मला हा निकाल नियमाच्या दृष्टीने बरोबर वाटतो. लाल दिवा पाच वेळा लागतो आणि माणूस उतरत नाही, याला दुसरं काय म्हणणार? शिवाय पबमधल्या सात जणांनी कुठलाही धोका पत्करलेला नव्हता. ते शुक्रवारी संध्याकाळी गाणी ऐकायला बसले होते. त्यांच्या घरच्यांना 'यंत्रणा गुंतागुंतीची असते' असं सांगून वाटेला लावणं हा निर्दयपणा आहे. पण या निकालाने 'काय झालं' सांगितलं, 'का झालं' नाही. आणि पुढचा अपघात टाळायचा तर उपयोग 'का'चा आहे.

कारण हा माणूस नवशिका नव्हता. हवाई दलातून आलेला, पाच हजारांहून जास्त तास उडालेला, दुसऱ्यांना शिकवणारा. असा माणूस पाच वेळा लाल दिवा बघतो आणि पुढच्या कामाला जातो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर काहीतरी असं असणार की ज्यामुळे दिवा खोटा वाटावा. अपघाताला दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा पोलिसांसाठी हे हेलिकॉप्टर चालवणाऱ्या कंपनीच्याच, त्याच जातीच्या एका रुग्णवाहू हेलिकॉप्टरच्या इंधनकाट्यात दोष सापडला. कंपनीने ताफा थोड्या काळासाठी जमिनीवर ठेवून तपासणी केली, तर आणखी काही हेलिकॉप्टरांत पुरवठा-टाकीचे काटे प्रत्यक्षापेक्षा जास्त इंधन दाखवत होते. सेन्सरपाशी पाण्याचा अंश साचल्याने असं होऊ शकतं, हेही पुढे आलं. त्या रात्री ग्लासगोच्या हेलिकॉप्टरमध्ये हेच झालं असं मी म्हणत नाही, तसं सिद्ध झालेलं नाही. पण एकीकडे काटा 'भरलंय' म्हणतोय आणि दुसरीकडे दिवा 'संपलंय' म्हणतोय, अशी स्थिती या जातीच्या हेलिकॉप्टरांत कल्पनेतली नव्हती, एवढं खरं. आपल्याकडे जुन्या बाइकचा पेट्रोलचा काटा कुणी मानत नाही, टाकी हलवून आवाज ऐकतात. यंत्र एकदा खोटं बोललं की माणूस ते खरं बोलत असतानाही स्वतःचा अंदाज त्याच्या वर ठेवतो. हेलिकॉप्टरमध्ये टाकी हलवून बघता येत नाही, अंदाज ठेवण्याची सवय मात्र तिथेही पोचते.

की दिवा त्याला खराच वाटला होता? पंप सुरू करायला त्याने हात वर नेला आणि उपसा-पंपांऐवजी जवळच्या प्राइम पंपांची बटणं दाबली गेली? तसं असेल तर त्याने इशारा ऐकला, उपायही केला (त्याच्या समजुतीप्रमाणे), आणि आता इंधन चढेल म्हणून तो निर्धास्त झाला. मग ही धोका पत्करणाऱ्याची गोष्टच उरत नाही. ती दोन बटणं शेजारी ठेवणाऱ्याची गोष्ट होते. दोन्ही शक्यता उपलब्ध पुराव्यात बसतात. दोन्हींवरचे उपाय मात्र पूर्णपणे वेगळे आहेत. एकावर प्रशिक्षण आणि शिस्त, दुसऱ्यावर पॅनेलची पुनर्रचना.

यातलं कोणतं खरं हे ठरवता आलं नाही, कारण त्या हेलिकॉप्टरमध्ये ब्लॅक बॉक्स नव्हता. आवाज टिपणारा नव्हता, आकडे टिपणाराही नव्हता. नियमानुसार तो लागतही नव्हता. तपासनिसांनी काही उपकरणांच्या मेमरी चिप्समधून इशाऱ्यांची नोंद बाहेर काढली, ही त्यांच्या चिकाटीची कमाल. पण काटा त्या वेळी काय दाखवत होता, बटणं कधी आणि कोणत्या क्रमाने फिरवली गेली, तिघांमध्ये काय बोलणं झालं, यातलं काहीच हाती नव्हतं. पाच इशाऱ्यांमध्ये आत कुणी तरी कुणाला तरी काही तरी म्हणालं असणारच. त्या संभाषणातल्या दोन वाक्यांनी सहा वर्षांची चौकशी वेगळ्या वाटेला गेली असती.

ब्लॅक बॉक्स कुणाला सक्तीचा हे ठरवण्याची आंतरराष्ट्रीय रीत प्रामुख्याने यंत्राचं वजन बघते. हेलिकॉप्टरांसाठी ३,१७५ किलोची एक रेषा आहे. ईसी-१३५ त्या रेषेच्या आत बसतं. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. जड यंत्रात माणसं जास्त, म्हणून नोंद जास्त महत्त्वाची, हा त्यामागचा विचार आत बसलेल्यांना मोजतो. खाली असलेल्यांना मोजत नाही. पोलिसी हेलिकॉप्टर मुळात उडतंच गर्दीच्या वस्तीवर. रात्री, खालच्या उंचीवर, एका जागी तरंगत. वजनाने ते हलकं असेल, पण त्याच्या चुकीचं ओझं शहरावर असतं. क्लुथामध्ये आत तिघे होते आणि खाली मेले सात. नियमाच्या तराजूत ते सात कुठेच नव्हते.

ब्रिटिश अन्वेषण शाखेला हे कळलं होतं. तिने नुसता ब्लॅक बॉक्स मागितला नाही. पोलिसी कामावरच्या हेलिकॉप्टरांत, जुनी असली तरी, आकडे, आवाज आणि चित्र असं तिन्ही टिपणारी आणि अपघातात टिकणारी नोंद असावी अशी शिफारस तिने केली. पुढे युरोपीय नियम बदलले तेव्हा २,२५० किलो किंवा त्याहून जास्त वजनाच्या, व्यावसायिक कामावरच्या टर्बाइन हेलिकॉप्टरांना हलका रेकॉर्डर सक्तीचा झाला. पण ५ सप्टेंबर २०२२ पासून पुढे ज्यांचं उड्डाण-प्रमाणपत्र निघेल त्यांनाच. त्याआधीची मोकळी. हेलिकॉप्टर तीस-तीस वर्षं उडतं. २०२१ सालचं हेलिकॉप्टर २०४५ मध्येही कुणाच्या तरी छपरावरून जात असेल, कोरी पाटी घेऊन.

'का'पर्यंत पोचता आलं की काय फरक पडतो, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. २६ ऑगस्ट २०११ ला मिझुरी राज्यात मॉस्बीजवळ एक रुग्णवाहू हेलिकॉप्टर विमानतळापासून साधारण एका मैलावर कोसळलं. रुग्ण, परिचारिका, पॅरामेडिक आणि वैमानिक, चौघेही गेले. कारण तेच, इंधन. तिथेही ब्लॅक बॉक्स नव्हता, पण वैमानिकाच्या फोनची नोंद होती आणि कंपनीच्या संपर्क कक्षाशी झालेलं बोलणं होतं. त्यातून चित्र उभं राहिलं. रुग्णाला घ्यायला उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं की इंधन आपण सांगितलं त्यापेक्षा बरंच कमी आहे. त्याने संपर्क कक्षाला तसं कळवलंही. तरी उड्डाण झालं. कामावर असताना तो वैयक्तिक मेसेज पाठवत होता, हे बातम्यांत गाजलं. पण अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने एवढ्यावर फाइल बंद केली नाही. त्याची झोप अपुरी होती. इंधनाची अशी अडचण आली तर उड्डाणांवर देखरेख करणाऱ्या वेगळ्या नियंत्रण कक्षाला कळवलंच पाहिजे आणि निर्णय एकट्याने घ्यायचा नाही, असा कंपनीचा नियमच नव्हता. पूर्ण वेगात असताना इंजिन गेलं तर काय करायचं याचा सरावही पुरेसा नव्हता. वैमानिक दोषी होताच. त्याच्यासोबत इतरांचीही नावं यादीत आली, आणि त्या इतरांना बदलता येत होतं.

आपल्याकडे ही चर्चा दूरची वाटू नये. १५ जून २०२५ ला केदारनाथच्या वाटेवर गौरीकुंडजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातले यात्रेकरू होते. तिथे प्रश्न इंधनाचा नव्हता, पण बेल-४०७ हे ते हेलिकॉप्टर ग्लासगोच्या हेलिकॉप्टरपेक्षाही हलकं. चारधामच्या हंगामात अशी हेलिकॉप्टरं दिवसभर दऱ्यांतून शटल रिक्षासारखी ये-जा करतात. तिकिटं ऑनलाइन मिळतात आणि मराठी घरांतली म्हातारी माणसं त्यात मोठ्या संख्येने असतात. अपघातानंतर दोन-चार दिवस सेवा बंद, एखादा गुन्हा दाखल, मग पुन्हा सुरू. या हेलिकॉप्टरांना वजनाची सूट देणं म्हणजे दर वेळी 'खराब हवामान' किंवा 'वैमानिकाची चूक' एवढ्या दोन उत्तरांत समाधान मानणं आहे.

इंधनाचा आपला स्वतःचा अनुभवही आहे. जुलै २०१९ मध्ये मुंबईहून दिल्लीला निघालेलं विस्ताराचं विमान खराब हवामानामुळे लखनौकडे वळवलं गेलं आणि उतरलं तेव्हा टाक्यांत जेमतेम काही मिनिटांचं इंधन होतं. जून २०२५ मध्ये गुवाहाटीहून चेन्नईला जाणाऱ्या इंडिगोच्या विमानाने इंधनासाठी 'मेडे' (संकटाचा संदेश) दिला आणि ते बंगळुरूला सुखरूप उतरलं. दोन्ही वेळा वैमानिकांना कामावरून बाजूला करण्यात आलं. चौकशी होईपर्यंत तसं करणं नियमात बसत असेल. पण ज्याने वेळेवर ओरडून सांगितलं, त्याची पहिली बातमी 'वैमानिक घरी बसवले' अशी येत असेल, तर पुढच्या वेळी इंधन कमी पडत असताना दुसरा वैमानिक 'मेडे' म्हणायला पाच मिनिटं जास्त थांबेल. २०१६ मध्ये कोलंबियात मेडेलिनजवळ ब्राझीलच्या फुटबॉल संघाला घेऊन जाणारं लामिया कंपनीचं विमान इंधन संपून पडलं आणि ७१ जण गेले. तिथेही वैमानिकाने आणीबाणी स्पष्ट शब्दांत सांगायला फार उशीर केला होता. राखीव इंधनाला हात लागलाय हे कबूल केलं की चौकशी मागे लागते, ही भीती त्याच्या मनात असेल का, हा प्रश्न मला तो अहवाल वाचताना पडला होता. (त्या विमानाच्या योजनेत उड्डाणाचा वेळ आणि इंधन पुरण्याचा वेळ तंतोतंत सारखाच लिहिला होता, हे वाचून तर कुणाचाही विश्वास बसणार नाही.)

रेकॉर्डर बसवला की सगळं उलगडतं, असा माझा भाबडा समज नाही. अहमदाबादच्या एअर इंडिया विमान-अपघातानंतर जुलै २०२५ मध्ये आलेल्या प्राथमिक अहवालाने ते दाखवून दिलं. तिथे दोन्ही प्रकारच्या नोंदी सापडल्या. इंजिनांचा इंधनपुरवठा बंद झाल्याचा सेकंद कळला. 'बंद का केलंस' असं एकाने विचारल्याचं आणि 'मी नाही केलं' असं दुसऱ्याने म्हटल्याचंही कळलं. कोण काय बोललं, हात कुणाचा होता, की हात होताच की नाही, हे मात्र त्यातून कळलं नाही. त्या दोन वाक्यांवरून वाहिन्यांनी एका मृत माणसाचा खटला चालवून निकालही देऊन टाकला. ब्रिटिश शाखेने आकडे आणि आवाजाबरोबर चित्रही मागितलं होतं, ते यासाठीच. कॉकपिटमध्ये कॅमेरा हवा असं अमेरिकेचं सुरक्षा मंडळ २००० सालापासून सांगतंय. वैमानिकांच्या संघटना विरोध करतात आणि त्यांची भीती खोटी नाही: मरणाचे क्षण मोबाइलवर फिरतील, मालक त्या चित्रांवरून शिक्षा करतील. भारतातल्या वाहिन्या बघता ही भीती मला दुप्पट वाटते. त्यावर उत्तर कॅमेरा नको हे नाही. ते चित्र अन्वेषणाबाहेर वापरणं हा गुन्हा ठरवणारा आणि प्रत्यक्षात शिक्षा देणारा कायदा, हे आहे. तो आधी, कॅमेरा नंतर.

राहिला खर्चाचा मुद्दा. हलके रेकॉर्डर आता एक किलोच्या आतले मिळतात. छोट्या हेलिकॉप्टरांसाठी ते बनवले जातात, काही उत्पादक ते कारखान्यातूनच बसवून देतात. जुन्या यंत्रात बसवायला वेळ, मंजुरी, पैसे लागतील, हे खरं. ते पैसे चारधामच्या तिकिटात, पोलीस खात्याच्या अंदाजपत्रकात, एअर अॅम्ब्युलन्सच्या बिलात दिसतील. दिसू देत. सरकारी कामावर, रुग्णसेवेत किंवा यात्रेकरूंसाठी उडणाऱ्या प्रत्येक हेलिकॉप्टरला, वजन कितीही असो आणि वय कितीही असो, तीन-चार वर्षांची मुदत देऊन हे सक्तीचं करता येईल. डीजीसीएला, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, त्यासाठी युरोपने काय केलं याची वाट बघायची गरज नाही. कंपन्या नाराज होतील, मंत्रालयात शिष्टमंडळं जातील, यात्रेचा हंगाम तोंडावर आलाय असं सांगितलं जाईल. मुदतवाढ मागितली जाईल आणि बहुधा एकदा दिलीही जाईल. दुसऱ्यांदा देऊ नये.